ड्रायव्हरची शिदोरी

२०२३ च्या जुलैचे शेवटचे दिवस होते. त्या खरिपात शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरून पीकविमा काढायची योजना राज्यात पहिल्यांदाच लागू झाली होती आणि मुदत ३१ जुलैची होती. ती पुढे तीन दिवसांनी वाढली, पण तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. भूम तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाचा सकाळी फोन आला. "सर, नवा पीसी आणलाय. विंडोज बी टाकून घेतलंय. पण नेट घेईना, पेनड्राइव्ह घेईना, माऊस हलंना. बाहेर माणसं दाटलीत. तुम्ही या की."

मी धाराशिवात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. २००३ साली दुकान टाकलं तेव्हा पाटीवर उस्मानाबाद होतं, आता धाराशिव आहे; काम तेच आहे. इतक्या वर्षांत मी एक वही ठेवत आलो आहे. कोणतं यंत्र आलं, त्यातला कोणता भाग ओळखला गेला नाही आणि शेवटी तो कशाने चालू झाला, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. हा लेख त्या वहीतून आला आहे. विषय रुक्ष वाटेल, पण त्या दिवशी केंद्राबाहेर सातबारा, आठ अ, पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उभ्या असलेल्या माणसांचं सोयाबीन काही किलोबाइटच्या एका फाइलीपाशी अडलं होतं.

केंद्रात पोचल्यावर जे पाहिलं ते असं. पीसी म्हणजे पुण्याच्या कुठल्याशा कार्यालयातून निघालेला, इंटेलच्या सहाव्या पिढीचा, जुन्या बाजारात घेतलेला चांगला संगणक. त्यावर विंडोज ७ टाकलेलं. इतकं जुनं विंडोज का, असं विचारलं तर उत्तर तयार होतं: केंद्रातला स्कॅनर जुना, त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ पर्यंतच मिळतो. तालुक्याच्या गावाहून एक जण आला, आपला डीव्हीडी ड्राइव्ह आतल्या वायरीला जोडून विंडोज टाकलं आणि ड्राइव्ह काढून घेऊन गेला. मागे राहिला तो असा संगणक, ज्याला गोल पिनचा जुना कीबोर्ड तेवढा कळत होता.

इथे एक गाठ आहे आणि ती सोडवण्यातच माझ्या धंद्याचा निम्मा भाग गेला आहे. इंटरनेट चालायला नेटवर्कचा ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर इंटरनेटवर असतो. बरं, दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणावा, तर यूएसबीच्या खाचेलाही ड्रायव्हर लागतो आणि तोही नाही. मोबाइल वायरीने जोडून त्याचं नेट घेता येतं, विंडोज १० मध्ये त्याची सोय मुळातच असते. पण मोबाइलची वायरही त्याच मुक्या खाचेत जाते. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप.

रांगेतले एक आजोबा दारातून बघत होते. म्हणाले, "यंत्राला बी वळख लागती व्हय?" माझ्या मते ड्रायव्हर म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या नाही.

*

आमचा उमरगा तालुका कर्नाटकाला लागून आहे. तिकडच्या बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात, आणि व्यवहार अडला की दोन्ही भाषा येणारा कोणीतरी मध्ये उभा राहतो. ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्राचा भाग यांच्यामधला असा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोज म्हणतं, 'हा मजकूर बाहेर पाठव.' नेटवर्कच्या चिपला 'मजकूर' हा शब्द माहीत नसतो. कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला की आपण काय करायचं, एवढंच तिला कळतं. हे आकडे प्रत्येक चिपचे वेगळे असतात. ते चिप बनवणाऱ्याला ठाऊक असतात, म्हणून दुभाषीही बहुधा तोच पुरवतो.

मग विंडोजला कोणती चिप बसवली आहे हे कळतं कसं? प्रत्येक चिपला दोन क्रमांक असतात, प्रत्येकी चार अक्षरांचे. पहिला कंपनीचा, दुसरा मालाचा. संगणकातल्या पीसीआय नावाच्या जोडणीसाठी कंपन्यांचे क्रमांक एक संस्था नेमून देते. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. तिच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरचं नावही ८०८६ होतं. रिअलटेक या तैवानी कंपनीचा क्रमांक १०ईसी. तिची एक जुनी नेटवर्क चिप ८१३९, नंतरची गिगाबिटवाली ८१६८. मदरबोर्डावर कोणत्याही कंपनीचं नाव रंगवलेलं असो, कोपऱ्यात बहुतेक वेळा हीच चिप निघते. म्हणून संगणकावरची पाटी वाचून ड्रायव्हर शोधणारा माणूस फसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसलं की त्यावर जाऊन हे दोन क्रमांक वाचायचे आणि त्यांवरून शोधायचं. माझ्या वहीत संगणकांच्या नावांपेक्षा हे क्रमांकच जास्त आहेत.

विंडोजचा ड्रायव्हर म्हणजे एक फाइल नव्हे, एक गाठोडं असतं. त्यात साधारण तीन गोष्टी असतात. आयएनएफ ही साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडते, वाचता येते. हा ड्रायव्हर कोणकोणत्या क्रमांकांच्या चिपसाठी आहे आणि कोणती फाइल कुठे ठेवायची हे त्यात लिहिलेलं असतं. एसवायएस हा खरा दुभाषी, म्हणजे चालणारा भाग. आणि कॅट ही सही. आयएनएफमध्ये एक अक्षर जरी इकडचं तिकडे केलं तरी सही जुळत नाही. ६४ बिटच्या विंडोजने व्हिस्टापासून अशा सहीशिवाय ड्रायव्हर घ्यायचं बंद केलं.

सहीचा एवढा आग्रह का, तर ड्रायव्हर घराच्या माजघरात राहतो. साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतो, तो कोसळला की सगळंच कोसळतं. १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ आणि बँका ठप्प झाल्या. त्याचं कारण क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या गाभ्यात चालणाऱ्या अशाच एका भागाला मिळालेली एक सदोष फाइल. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आणि सही म्हणजे देवाचा कौल नव्हे. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या वापरल्या होत्या. तरीही सही असलेलाच ड्रायव्हर घ्या, असंच मी सांगेन. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या संकेतस्थळांवरून आलेली घाण मी पुष्कळ दुकानांतून आणि शाळांतून उपसली आहे.

*

विंडोजवाल्यांनी सगळेच ड्रायव्हर आधीच आत का घालू नयेत, असा प्रश्न ग्राहक नेहमी विचारतात. घालतात की. तबकडी तयार होईपर्यंत जगात जी यंत्रं असतात त्यांतल्या पुष्कळांचे ड्रायव्हर आत असतात. अडचण नंतर जन्मलेल्या यंत्रांची. तबकडी जुनी होत जाते, यंत्रं नवी होत जातात आणि मधली फट वाढत राहते.

एक्सपी २००१ चं. पुढे साटा जोडणीच्या हार्ड डिस्क आल्या आणि एक्सपीच्या तबकडीला त्या दिसेनात. इन्स्टॉलेशन सुरू होताना खाली एक ओळ यायची, की वेगळा ड्रायव्हर असेल तर एफ ६ दाबा. तो द्यायचा तर फक्त फ्लॉपीतून. म्हणजे नव्याकोऱ्या संगणकासाठी फ्लॉपी ड्राइव्ह शोधत फिरायचं. मी एक फ्लॉपी ड्राइव्ह पिशवीत घेऊन हिंडायचो. लोक हसायचे, पण कळंबपासून लोहाऱ्यापर्यंत तिने माझं पोट भरलं. फ्लॉपी नसेल तर बायोसमध्ये जाऊन डिस्कला जुन्या पद्धतीने वागायला सांगायचं, हा दुसरा उपाय. त्यात वेग जायचा.

त्या वर्षांतलं भारनियमन आठवा. मराठवाड्यात वीज दिवसाचे कित्येक तास नसायची. एक्सपी टाकायला तासभर, मग एकेक सीडी घालून चिपसेट, ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क असे ड्रायव्हर. मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ड्रायव्हर आधीच विंडोजच्या तबकडीत बांधून न्यायचे, म्हणजे एकदा सुरू केलं की मध्ये काही द्यावं लागणार नाही, हे मी हौसेखातर शिकलो नाही. वीज जायच्या आत काम उरकायचं होतं. त्या काळी एनलाइट नावाचं एक फुकट साधन होतं आणि ड्रायव्हरपॅक्स नावाने हौशी मंडळींनी बांधलेली गाठोडी मिळायची. एक्सपीच्या इन्स्टॉलेशनचे दोन टप्पे असतात, निळ्या पडद्यावरचा अक्षरांचा आणि नंतरचा चित्रांचा. डिस्कचा ड्रायव्हर पहिल्या टप्प्यासाठी वेगळा बांधावा लागायचा, बाकीचे दुसऱ्यासाठी. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी सीडी मी वाया घालवल्या.

एक चूक मात्र सीडीपुरती राहिली नाही. एका शाळेत अकरा संगणक होते, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या निधीतून आलेले. मी एका संगणकावर सगळं नीट बसवलं आणि वेळ वाचवायला त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल बाकी दहांवर उतरवली. सहा सुरू झाले. चार निळ्या पडद्यावर थांबले, शेवटी '७बी' असलेला तो कुप्रसिद्ध आकडा दाखवत. त्याचा अर्थ, ज्या डिस्कवरून मी उठतो आहे तीच मला दिसत नाही. त्या चारांचे मदरबोर्ड वेगळ्या चिपचे होते आणि डिस्कचा दुभाषी चुकीचा होता. त्यात भर म्हणजे नक्कल करण्याआधी त्या चारांवर काय होतं याची नोंद मी ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलांची परीक्षा होती. मुख्याध्यापिका बाई काही बोलल्या नाहीत, चहा मागवला. तेच जास्त लागलं. त्या रात्री मी वही सुरू केली.

*

भूमच्या त्या केंद्रातली गाठ मुळात २०१५ सालची. विंडोज ७ आलं २००९ मध्ये. त्यात जुन्या यूएसबीचा ड्रायव्हर आहे, यूएसबी ३ चा नाही. तोवर मदरबोर्डावर दोन्ही प्रकारचे नियंत्रक असायचे, त्यामुळे भागत होतं. २०१५ मध्ये इंटेलने सहाव्या पिढीबरोबर आणलेल्या चिपसेटमधून जुना नियंत्रक काढून टाकला. झालं, विंडोज ७ ला त्या संगणकाच्या सगळ्या यूएसबी खाचा भिंतीसारख्या. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन सुरू करावं तर मध्येच 'सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही' असा संदेश यायचा. सीडी ड्राइव्ह संगणकात नसला तरी. या एका संदेशाने माझ्या ओळखीच्या किती पोरांनी रात्री जागवल्या असतील!

याला उपाय आहे आणि तो विंडोज ७ पुरता नाही. आजच्या विंडोज ११ लाही तोच चालतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये दोन मोठी गाठोडी असतात. बूट नावाचं लहान आणि इन्स्टॉल नावाचं मोठं. लहान गाठोडं म्हणजे इन्स्टॉलेशन चालवणारं तात्पुरतं विंडोज, मोठं म्हणजे डिस्कवर उतरणारं कायमचं. डीआयएसएम ही आज्ञा विंडोजबरोबरच येते. तिने गाठोडं एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडायचं, ड्रायव्हरचं फोल्डर दाखवून 'हे आत घाल' म्हणायचं आणि बदल राखून गाठोडं पुन्हा बांधायचं. लहान गाठोड्यात पुन्हा दोन कप्पे असतात आणि इन्स्टॉलेशनचा पडदा दुसऱ्या कप्प्यातून येतो. बहुतेक जण फक्त मोठ्या गाठोड्यात ड्रायव्हर घालतात. मग विंडोज बसल्यावर सगळं चालेल, पण बसवतानाच कीबोर्ड मेलेला असतो. लग्नाचं जेवण चांगलं, पण मांडवाचं दार बंद.

ड्रायव्हर कंपनीच्या स्थळावरून एक्सई फाइल म्हणून मिळतो. ती फाइल आत घालता येत नाही. आधी उकलून तिच्यातलं आयएनएफवालं फोल्डर बाहेर काढावं लागतं. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळं घालू नये. मीही एके काळी सापडेल ते कोंबायचो. गाठोडं फुगतं आणि एकाच चिपला दोन उमेदवार मिळाले की विंडोज कोणता निवडेल यावर आपला ताबा राहत नाही. शिवाय पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही, मग मोठ्या गाठोड्याचे तुकडे करावे लागतात. आता मी तीनच गोष्टी घालतो: डिस्क, यूएसबी आणि नेटवर्क. एवढं असलं की संगणक उठतो, हात चालतात आणि बाकीचं तो स्वतः नेटवरून आणू शकतो. आवाज आणि ब्लूटूथ नंतर आले तरी कोणाचं काही अडत नाही.

विंडोज ११ च्या काळात ही गाठ सुटली असं वाटेल, पण ती जागा बदलून बसली आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते. त्याचा ड्रायव्हर नसेल तर इन्स्टॉलेशन सांगतं की डिस्कच नाही. आणि डिस्क सापडली तरी पुढे पहिल्या सुरुवातीलाच ते इंटरनेट मागतं आणि त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. वायफायचा ड्रायव्हर नसेल, वायरीची खाच पातळ लॅपटॉपला नसेल, तर २०२३ सालचं भूम आणि आजचं पुणे सारखंच.

*

लिनक्सकडे ही व्यवस्था उलट आहे. तिथे ड्रायव्हर बाहेरून आणायचा नसतो, तो गाभ्याच्याच मूळ लिखाणात असतो. त्या लिखाणाचा अर्ध्याहून अधिक भाग ड्रायव्हरचाच आहे. त्या अकरा संगणकांच्या शाळेत काही वर्षांनी मी डेबियन लिनक्स बसवलं. पुन्हा एका डिस्कची नक्कल, पण या वेळी अकराच्या अकरा उठले. डेबियन सुरुवातीला लागणारं ड्रायव्हरचं गाठोडं बांधताना समोरच्या यंत्रापुरतं पाहत नाही, नेहमी लागणारे बहुतेक सगळे दुभाषी सोबत घेतं. माझा जुना अपमान थोडा भरून निघाला.

तरी एक वायफाय कार्ड चालेना. ड्रायव्हर होता, पण चिपच्या आत चालणारा कंपनीचा छोटा प्रोग्रॅम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो नव्हता. तो खुला नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलेशनमध्ये बसत नसे. हा वाद जुना आहे. महाराष्ट्रातही तो येऊन गेला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम फेडोरा लिनक्सवरून खास बांधलेली होती. सगळी यंत्रं एकाच साच्यातली, त्यामुळे ड्रायव्हर बांधणं तुलनेने सोपं. मुलांच्या लॅपटॉपनी एकमेकांशी बोलावं ही त्या प्रकल्पातली मोठी कल्पना होती. पण संपूर्ण खुलेपणाची भाषा बोलणाऱ्या त्या लॅपटॉपच्या वायफायचं फर्मवेअर बंदिस्तच होतं आणि त्यावरून खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांत बरीच कुरबुर झाली.

डेबियनने २०२२ मध्ये आपल्या सदस्यांचं मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलेशनमध्ये घालायचं ठरवलं. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत ते आलं. तत्त्व सोडलं म्हणून काही जण नाराज झाले आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ज्या शाळेत वायफाय हीच इंटरनेटची एकमेव वाट आहे, तिथे तत्त्वाची शिदोरी खाऊन मुलं दिवसभर बसू शकत नाहीत. मी त्या मतदानाच्या निकालावर खूश होतो.

केरळने याबाबतीत आपल्याला बरंच मागे टाकलं. तिथल्या सरकारी शाळांसाठी राज्याची स्वतःची संस्था उबुंटूवरून बांधलेली एकच ऑपरेटिंग सिस्टिम देते. सीडॅकची बॉस लिनक्स २००७ पासून आहे, डेबियनवरच उभी आहे, मराठीही बोलते. पण आमच्याकडे ती शाळेत जाऊन बसवणारा, तिथल्या प्रिंटरला बोलतं करणारा माणूस नेमलेला नसतो. ज्याला जमेल तो करतो.

प्रिंटरचं तर वेगळंच प्रकरण आहे. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे दोन प्रिंटर झेरॉक्सच्या दुकानापासून तहसीलपर्यंत सगळ्यांनी पाहिलेले आहेत. दोन्ही स्वस्त, आणि स्वस्त असण्याचं एक कारण म्हणजे पानाचं चित्र तयार करण्याचं डोकं त्यांच्यात नाही. ते काम संगणकातला ड्रायव्हर करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. १०२० ला तर दर वेळी वीज आली की संगणकाने फर्मवेअर नव्याने भरवावं लागतं. असा प्रिंटर ड्रायव्हर मिळेनासा झाला की यंत्र धडधाकट असून भंगार होतं. स्कॅनरचंही तसंच, आणि मराठी डीटीपीवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. मराठी मजकूर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर एक कुलूप यायचं, संगणकाच्या मागे लावायचं. त्यालाही ड्रायव्हर. संगणक ६४ बिटचा झाला, मागची रुंद खाच गेली, की हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर त्या कुलपापाशी थांबलं. आजही काही छापखान्यांत एक जुना संगणक फक्त तेवढ्यासाठी जपून ठेवलेला असतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा. त्याला कोणी इंटरनेट लावत नाही.

*

भूमला त्या दिवशी मी काय केलं ते सांगायचं राहिलं. केंद्रात दुसरा एक जुना, संथ संगणक होता आणि रांग त्याच्यावर कशीबशी सरकत होती. नव्या संगणकाची हार्ड डिस्क काढून त्या जुन्याला जोडायची, ड्रायव्हरची फोल्डरं तिच्यावर टाकायची आणि डिस्क परत जागेवर न्यायची, एवढाच मार्ग होता. पण त्यासाठी जुना संगणक अर्धा तास बंद ठेवावा लागणार होता. केंद्र चालवणारा मुलगा बाहेर जाऊन तसं म्हणाला, तर गलका झाला. "अर्ध्या तासात सर्व्हर बसला तर?" त्या दिवसांत ही भीती अगदी रास्त होती. शेवटी ते आजोबाच म्हणाले, "करू द्या रं. एकाची दोन होत्याल."

डिस्क काढली, जोडली, माझ्या पेनड्राइव्हवरची यूएसबी आणि नेटवर्कची फोल्डरं तिच्यावर उतरवली, परत बसवली. मग माऊसविना, त्या गोल पिनच्या कीबोर्डने डिव्हाइस मॅनेजर उघडायचा आणि टॅब आणि बाण दाबत पिवळ्या खुणांपर्यंत जायचं. यूएसबीचा ड्रायव्हर बसला आणि माऊसचा लाल दिवा लागला तेव्हा मागून कोणीतरी "आला, आला" म्हणालं, एसटी आल्यासारखं. नेटवर्कची चिप १०ईसी ८१६८ च होती. दोन संगणकांवर रांग रात्री साडेअकरापर्यंत चालली. मी जेवायला तिथेच थांबलो.

२०२५ च्या सप्टेंबरात त्या मुलाचा पुन्हा फोन आला. विंडोज ७ वर ब्राउझर जुना पडला म्हणून त्याने मध्ये विंडोज १० घेतलं होतं, स्कॅनर बांधून माळ्यावर टाकला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपणार होता. विंडोज ११ च्या मान्य यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढची. याचा संगणक सहाव्या पिढीचा. अंगठ्याच्या यंत्राला ड्रायव्हरखेरीज आधारच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत सेवाही लागते, तेव्हा ते काम सोडून प्रयोग करता येत नाहीत. आम्ही काम वाटून दिलं. अंगठ्यासाठी त्याने विंडोज ११ चा एक वापरलेला लॅपटॉप घेतला. सहाव्या पिढीच्या संगणकावर डेबियन बसवलं आणि माळ्यावरचा स्कॅनर खाली काढला. विंडोजने ज्याचा नाद केव्हाच सोडला होता तो स्कॅनर लिनक्सच्या जुन्या स्कॅनर-संग्रहात होता. क्रमांक जुळला आणि दिवा सरकायला लागला.

लॅपटॉप सगळा नीट चालतो आहे याची खात्री झाल्यावर निघायच्या आधी मी त्याच डीआयएसएम आज्ञेने त्यावर बसलेले बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून घेतले. यंत्र चालू असताना हे पाच मिनिटांचं काम असतं. बंद पडल्यावर दिवसाचं. ते फोल्डर एका छोट्या पेनड्राइव्हवर टाकलं, पेनड्राइव्ह कागदी पाकिटात घातला, पाकिटावर तारीख, डिस्कचा आणि वायफायचा क्रमांक लिहिला. मुलाने विचारलं, हे ठेवू कुठे? पीसीच्या डब्याचं झाकण उघडंच होतं. आतल्या बाजूला, पंख्याच्या वाऱ्यात येणार नाही अशा जागी, चिकटपट्टीने लावून टाकलं.